रकान्यातला शब्द

कारकुनाला शब्दांचे वेड नसावे, असे आमचे वरिष्ठ म्हणतात. रकान्यात बसेल तो शब्द लिहावा आणि फाईल पुढे सरकवावी. दिल्लीत इतकी वर्षे आम्ही हेच करीत आलो. परंतु मागल्या हिवाळ्यात एका इटालियन बाईंच्या अर्जाने आमची ही शिस्त मोडली.

बाईंनी वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘डिव्होर्स्ड’ असे लिहिले होते. सोबत विवाहनोंदीचा उतारा व त्याचे इंग्रजी भाषांतर होते. भाषांतरात मात्र तो शब्द कोठेच नव्हता. ‘विवाहाच्या नागरी परिणामांची समाप्ती’ अशा अर्थाची एक नोंद तेवढी होती. आम्ही शेरा मारला : कागदावरून घटस्फोट सिद्ध होत नाही. फाईल परत गेली आणि बाई तीन आठवडे खोळंबल्या.

पुढे खुलासा आला, तेव्हा आम्ही ओशाळलो. पोपच्या सत्तेशी १९२९ साली झालेल्या करारापासून इटलीत चर्चमधील लग्न सरकारी दप्तरात नोंदले, की कायद्यानेही ग्राह्य ठरते. पण चर्चच्या दृष्टीने तो संस्कार. तो मोडणे राज्याच्या हाती नाही. म्हणून १ डिसेंबर १९७० च्या कायद्याने मोठ्या खुबीने दोन शब्दप्रयोग योजले. नागरी पद्धतीने झालेल्या लग्नाचे ‘शोल्यिमेन्तो’, म्हणजे विसर्जन. चर्चमधील लग्नाच्या केवळ नागरी परिणामांची ‘चेसात्सिओने’, म्हणजे समाप्ती. लोक दोहोंनाही ‘दिव्होर्त्सिओ’च म्हणतात, कायद्याच्या शीर्षकात मात्र तो शब्द नाही! हा कायदा रद्द करावा काय, असा कौल मे १९७४ मध्ये घेण्यात आला, तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि कायदा टिकला.

मग भाषांतरकाराने सरळ ‘डिव्होर्स’ का लिहू नये? लिहिले, तर चर्च आणि राज्य यांच्यातील ती सीमारेषा पुसली जाते. न लिहिले, तर आमच्यासारखा कारकून हरकत घेतो. ‘शोल्यिमेन्तो’चे शब्दशः ‘डिझोल्यूशन’ करावे, तर इंग्लंडमध्ये आज तो शब्द मुख्यतः ‘सिव्हिल पार्टनरशिप’ मोडण्याला लावतात. इंग्रजीतून इटालियनमध्ये जातानाही हीच गत. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पर्यंत न्यायालय आधी ‘डिक्री नायसाय’ देई. तिने लग्न संपत नसे, ते नंतरच्या ‘डिक्री ॲब्सोल्यूट’ने संपे. पहिल्या कागदालाच ‘दिव्होर्त्सिओ’ म्हटले, तर अद्याप विवाहित असलेला माणूस मोकळा ठरावा! शब्द एक दिसतो. पण नेमके काय संपले, हे प्रत्येक देशाचा कायदा आपल्या परीने ठरवितो.

हे सारे समजल्यावर आम्हांस आमच्या ताईची आठवण झाली. तिचा निकाल लागून सहा वर्षे झाली. आई अजून तो शब्द उच्चारीत नाही. कोणी विचारले, तर ‘ती हल्ली इकडेच असते’ एवढेच म्हणते. तिला तरी दोष कसा द्यावा? धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे पतिताला ज्ञातीबाहेर काढताना पाण्याचा घडा लवंडण्याचा विधी. आपल्या भाषेने तोच शब्द उचलून या प्रसंगाला दिला. आईचे वाक्य हे त्या शब्दाचे तिच्यापुरते भाषांतर आहे आणि इटालियन कायद्याप्रमाणे तेही मूळ शब्द टाळूनच केलेले आहे.

ताईने शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा त्या रकान्यात काय लिहू, असे आम्हांस विचारले होते. आम्ही दिल्लीहून शहाणपणाने कळविले : कोरा ठेव. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. त्यानंतर तिने आम्हांला विचारले नाही. मुदतीपूर्वी दोन दिवस तिने आपल्या वळणदार अक्षरात ‘घटस्फोटित’ असे लिहिले आणि अर्ज स्वतः नेऊन दिला.

इटालियन बाईंच्या फाईलवरील आमची हरकत आम्ही खोडली. शेजारी सही करताना, ताईला पत्र लिहावयाचे राहून गेले आहे, हे ध्यानात आले.