फायदा कोणाचा?

बातमीत ‘निर्दोष मुक्तता’ लिहायला माझा बरीच वर्षं विरोध होता. गुन्हा सिद्ध झाला नाही एवढंच कोर्ट म्हणतं, निर्दोषपणाचा दाखला देत नाही, असा माझा युक्तिवाद. मी ‘संशयाचा फायदा देऊन सुटका’ असं करून द्यायचो आणि या काटेकोरपणाचा मला अभिमानही होता. (‘क्लीन चिट’ तर मी कापतच असे. ती पोलीस देतात, समिती देते, कधी पक्षाचा प्रवक्ताही देतो.)

मत बदललं ते नाशिकच्या खटल्यामुळे. जून २००३ मध्ये तिथे दरोड्यात पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांना जन्मठेपेवर आणलं, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशीची शिक्षा दिली. तोवर संशय कोणालाच नव्हता. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि ते दडवलं गेलं होतं. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्या, असं न्यायालयाने सरकारला बजावलं.

आता यांना ‘फायदा’ मिळाला म्हणायचं? सोळा वर्षं आत काढल्यावर? तपासातली भोकं तपास करणाऱ्यांची आणि उपकार मात्र आरोपीवर, असा तो शब्दप्रयोग आहे.

शिवाय ज्या काटेकोरपणावर मी अडून बसलो होतो, तो कायद्यातही नाही. पोलीस शिपायाच्या नोकरीवरून झालेल्या समुथिरम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली सांगितलं की ‘संशयाचा फायदा’ याच्या उलट मानली जाणारी ‘सन्मानपूर्वक’ सुटका हा शब्द तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नाही, तो निकालांमधून आलेला आहे. नोकरीवर परत घ्यायचं की नाही, हे ठरवताना तो कामाला येतो. बातमीत मात्र माणूस अटकेआधी जसा निर्दोष धरलेला होता, तसाच निकालानंतरही आहे. कोर्टाने नवीन काही बहाल केलेलं नाही.

साक्षीदार फितूर झाल्याने एखादा बडा सुटतो तेव्हा माझा हात अजून अडतो. तरी ‘निर्दोष मुक्तता’च लिहितो, आणि पुढच्याच वाक्यात किती साक्षीदार फिरले तेही.