'आक्रोश'मधला दुसरा गप्प माणूस

गोविंद निहलानींचा १९८० चा 'आक्रोश' आपल्या पोरांनी पाहिलेलाच नाही. मोलगीच्या खोलीवर लॅपटॉपवर लावला. बायकोच्या खुनाचा आळ आलेला आदिवासी लहान्या (ओम पुरी) तोंडच उघडत नाही. चर्चा नेहमी त्याचीच होते. पण सरकारी वकील दुसानेकडे बघा. अमरीश पुरींनी केलेला हा वकील स्वतः आदिवासी. आदिवासी म्हणून फोनवर शिव्या खातो आणि कोर्टात लहान्याविरुद्धच उभा राहतो. लहान्या भीतीने गप्प, हा शिकून, नोकरीत असून गप्प.

सिनेमा संपल्यावर एका भिल्ल पोराने विचारलं, "दादा, त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत?" एका कार्यालयात साहेबाने त्याच्या आजीला हाकललं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेला मी! म्हटलं, चुकलं माझं. सोमवारी आजीला घेऊन पुन्हा जातोय.