होडी! करीबू!

वसईतला माझा एक वर्गमित्र अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, "काय रे, आज किती बाटवले?" पुढे हसणारा इमोजी. मैत्री पहिलीपासूनची, त्यामुळे राग येत नाही. पण मिशनरी म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो इमोजीवर भागवावा असं मला वाटत नाही.

तर उत्तर: शून्य.

मी टांझानियात, दोदोमा शहरापासून दोनेक तासांवरच्या एका गावात राहतो. धर्मगुरू होण्याच्या शिक्षणात तत्त्वज्ञान संपल्यावर आणि ईशज्ञान सुरू होण्याआधी आमच्या संघातल्या मुलांना दोन वर्षं परदेशी सेवेला पाठवतात. या देशात बागामोयोच्या किनाऱ्यावर १८६८ साली कॅथलिक मिशन सुरू झालं. आमच्या चर्चचे फादर टांझानियन आहेत. कातेकिस्ता, म्हणजे धर्मशिक्षक, गावातलाच आहे आणि त्याचे आजोबाही ख्रिस्ती होते. थोडक्यात, ख्रिस्ताची ओळख करून द्यायला मी फारच उशिरा पोचलोय. मग मी दिवसभर करतो काय?

आधी पाण्याचं बघतो. हा कोरडवाहू मुलूख, पाऊस डिसेंबर ते एप्रिल एवढाच. मिशनच्या बोअरवेलपुढे पहाटेपासून पिवळ्या कॅनची रांग लागते. पंप सुरू करणं आणि रांगेतली भांडणं सोडवणं हे 'फ्रातेरी'चं काम. शिकाऊ धर्मगुरूला इथे फ्रातेरी म्हणतात. इथलं घड्याळही सूर्याला धरून चालतं. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. माझा दिवस 'अकरा' वाजता, आपल्या पहाटे पाचला, सुरू होतो.

रविवारी लांबच्या वस्त्यांवर प्रार्थनेला जातो. वाहन बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, आणि ती बहुतेक वेळा बजाजचीच निघते. तीनचाकी रिक्षाचं तर इथे नावच 'बजाजी' आहे. स्वाहिलीत आपल्याकडचे शब्द असे जागोजागी भेटतात: चाय, पेसा, गारी, दुका. लाखाला 'लाकी' म्हणतात. आणि भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, हे समीकरण पक्कं. पहिल्या आठवड्यात मुलं मला विचारत होती, "म्हिंदी, तुझं दुकान कुठंय?"

काही शब्दांना मात्र मराठीत जोड सापडत नाही. डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बाईला वाटेत भेटलेला माणूस 'पोले' म्हणतो. यात माफी नाही आणि कीवही नाही. तुझं ओझं मला दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ.

आणि 'होडी'. नदीतली नव्हे. कुणाच्याही घरी गेलं की बाहेर उभं राहून 'होडी!' अशी हाक द्यायची. आतून 'करीबू' आलं, तरच आत पाऊल टाकायचं. उत्तर आलं नाही तर मुकाट परत फिरायचं.

या शब्दापाशी मी अडकतो, कारण मी वसईचा आहे. १५३४ ते १७३९ आमच्याकडे पोर्तुगीज होते, आणि आमची घराणी त्याच काळात ख्रिस्ती झाली. काहींनी मनापासून 'या' म्हटलं असेल, काहींना 'नाही' म्हणायची सोय नसेल. आमच्या घराचं काय झालं, हे सांगणारं आता कुणी नाही. श्रद्धा माझी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण हा इतिहास विसरून मला दुसऱ्याच्या दारात उभं राहता येत नाही.

त्याच काळात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज गोव्यात आला. साल १५७९, वय तिशीच्या आसपास. त्याचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं १६१६ साली. मधे सदतीस वर्षं गेली. शाळेत हे फक्त परीक्षेपुरतं होतं. आता ओसरीवर बसून स्वाहिली क्रियापदं घोकताना तो मला कुणी संत वाटण्याऐवजी सीनियर वाटतो. पण तो ओव्या रचत होता, तेव्हा त्याच गोव्यात इन्क्विझिशनही सुरू होतं. मिशनरी म्हणून मला वारसा मिळालाय तो या दोन्हींचा, एकाचाच नाही.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये फॉर्म वनची मुलं गणिताला येतात. सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि माध्यमिक एकदम इंग्रजीत. हुशार मुलं वर्षभर गप्प बसून राहतात. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. अकरावीला उत्तर येत असूनही हात वर न करणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आधी स्वाहिलीत समजून घेतो, मग तेच इंग्रजीत बोलून बघतो. माझी स्वाहिली मुलं सुधारतात, त्यांची इंग्रजी मी. दिवसातलं सगळ्यात उपयोगाचं काम बहुधा हेच.

गेल्या ऑगस्टमध्ये आजी गेली. जाणं शक्य नव्हतं. अंत्यविधी मोबाइलवर पाहिला, नेटवर्क असेल तेवढाच. मी फक्त कातेकिस्ताला सांगितलं होतं. अंधार पडल्यावर बाहेरून आवाज आला, "होडी, फ्रातेरी!" आमच्या जुमुइयातली, म्हणजे आठवड्याला एकत्र प्रार्थना करणाऱ्या शेजारघरांतली, माणसं आली होती. कुणी मुस्लिम शेजारीही होते. बायकांनी अंगणात चटया पसरल्या, पुरुषांनी जाळ केला. एकाने वहीत नावं लिहून घेतली: कुणी पाचशे शिलिंग, कुणी हजार, कुणी भांडंभर ज्वारीचं पीठ. याला 'रांबीरांबी' म्हणतात, दुःखातला आहेर. रांगेत रोज माझ्याशी वाद घालणारी बाई रात्रभर चुलीपाशी होती. ती माणसं तिथेच झोपली. दुःखाच्या घरी माणसाला एकटं ठेवत नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं.

त्या रात्री 'करीबू' म्हणायची पाळी माझी होती. तोवर मी या गावात पाहुणा होतो.

जूनमध्ये परत जाईन. मग ईशज्ञान आणि त्यानंतर आयुष्यभराची व्रतं, घ्यायची ठरवली तर. ही दोन वर्षं स्वतःला तपासायलाच असतात. घरात मी एकुलता एक. आई याबद्दल काही विचारत नाही, फोनवर वाडीतल्या केळींचं मात्र जरा जास्तच सांगते. बाबांना आता पाटाचं पाणी वळवायला वाकता येत नाही, हे तिने मागच्या रविवारी सहज बोलल्यासारखं सांगितलं. मी नुसतं "पोले" म्हणालो. तिने अर्थ विचारला, मी सांगितला. ती बराच वेळ गप्प होती.

अजून माझं काही ठरलेलं नाही. सध्या तरी मुलांची चाचणी आलीय आणि अपूर्णांक कच्चे आहेत.