पाच मिनिटांचे पाणी

सेवानिवृत्तीनंतर माणसाने प्रवास करावा, असे सर्वच सांगतात. परंतु छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला प्रवासातही जमाखर्चच दिसतो. गेल्या जानेवारीत आम्ही उभयता कन्येकडे पणजीला गेलो होतो. समुद्रकिनाऱ्यावरील गर्दीचा मला पहिल्याच दिवशी कंटाळा आला. तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवाडीला जाऊन या. तिथे बघण्यासारखे फारसे काही नाही, म्हणूनच तुम्हाला आवडेल."

दिवाडी हे मांडवी नदीतील बेट. जुने गोवे येथील धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि अवघ्या पाच मिनिटांत पैलतीरी लागते. मी सवयीने खिशात हात घातला, तेव्हा शेजारचा शाळकरी मुलगा हसून म्हणाला, "चालत येणाऱ्याला तिकीट नाही, काका." बेटावर जायला पूल नाही. दूध, वर्तमानपत्र, नवरदेव, रुग्ण, सारे याच पाण्यावरून ये-जा करतात.

पलीकडे उतरलो आणि आवाजच संपले. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली शेते, त्यांत पांढरे बगळे, दूर टेकडीवर पियेदादचे चर्च. या शेतांना खाजन म्हणतात. भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून ती राखण्यासाठी मातीचे बांध घातलेले असतात आणि बांधात लाकडी झडपांची 'मानस' असते. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने झडप उघडते व शेतातील पाणी नदीत जाते. भरती आली की बाहेरच्या दाबाने तीच झडप आपोआप मिटते. मानशीवर मासे धरण्याची जाळीही लावतात. ती पाहून माझे मन क्षणभर खट्टू झाले, हे प्रांजळपणे नमूद करतो.

बांधावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांना मी बँकेतल्या थाटात विचारले, "बांधाचा खर्च कोण करतो?" ते म्हणाले, "सगळ्यांनी मिळून करायचा असतो. एकाने आपला तुकडा सोडला, तर तिथूनच खारे पाणी शिरते. मग ते शेत कोणाचे, हे पाणी विचारत नाही. आणि एकदा मीठ बसले की पुढची काही वर्षे भात नीट येत नाही."

त्यांचे हे बोलणे मी अनेकदा आठवले. त्याचे कारण सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

माझ्या धाकट्या बंधूची हिंगोलीच्या मोंढ्यात अडत आहे, मुख्यतः हळदीची. बारा वर्षांपूर्वी त्याची मोठी उधारी बुडाली. त्याने मला कर्जासाठी जामीन राहण्याची विनंती केली. बँक अधिकाऱ्याला परवानगीवाचून जामीन राहता येत नाही, हा नियम मी त्याला ऐकवला. नियम खरा होता. परंतु परवानगीसाठी मी अर्जसुद्धा केला नाही. माझ्या नावावर मुदत ठेवी होत्या, त्यांविषयी चकार शब्द काढला नाही. त्याने वडिलोपार्जित जागा विकून सर्वांची देणी चुकती केली. नंतर आमचे येणेजाणे थांबले. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी साऱ्या नातेवाइकांना एकच संदेश पाठवीत असे, त्यात त्याचाही क्रमांक असे. क्षमा मागितल्याची नोंद होई. क्षमा मात्र मागितलेली नसे.

दुपारी आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वराचे मंदिर पूर्वी येथे होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते पाडले गेले आणि भाविकांनी देवाला नदीपलीकडे डिचोलीच्या नार्वे गावी नेले. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. आम्हीही दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला उतरलो. त्याच गावात 'जैनकोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वास्तूचे जांभ्या दगडाचे पडके अवशेष आहेत. तेथे मूर्ती नाही, पूजा नाही. तरीही आपल्या धर्माचे लोक कधीकाळी या नदीकाठी नांदत होते, या जाणिवेने आम्ही दोघांनी उभ्यानेच णमोकार म्हटला. मला आपल्या जिल्ह्यातील शिरड शहापूरचे श्रीमल्लिनाथ आठवले. ती मूर्तीही अर्धापूरहून आणली, असे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत.

परतीच्या बोटीत सौभाग्यवती म्हणाल्या, "तीर्थ म्हणजे नदीचा उतार. तो दाखवतो म्हणून तीर्थंकर. महाराजांच्या प्रवचनात हे आपण कितीदा ऐकले!" एवढे बोलून त्या गप्प झाल्या. त्यांना काय म्हणायचे होते, ते मला कळले. देवाला लोकांनी जपून पलीकडे नेले. आणि माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर असलेल्या दुकानात मला बारा वर्षांत जाता आले नव्हते.

हिंगोलीस परतल्यावरही पंधरा दिवस गेले. अखेर फाल्गुनातील एका दुपारी मी मोंढ्यात गेलो. नव्या हळदीची आवक सुरू झाली होती. दुकानात पिवळी धूळ उडत होती. बंधू गादीवरून उठला. मी पाठ करून आणलेली वाक्ये विसरलो. एवढेच म्हणालो, "त्या वेळी मला मदत करता आली असती. मी केली नाही. नियम पुढे केला."

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, जामिनाचे मी केव्हाच सोडून दिले. जागा विकली, त्या दिवशी तुम्ही येऊन नुसते शेजारी बसला असतात तरी चालले असते."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. सारे काही पूर्ववत झाले, असे मी लिहिणार नाही. मीठ बसलेल्या जमिनीला वेळ लागतो. परंतु पाच वाजता त्याने मुनीमजींना दुकान सांभाळायला सांगितले, चप्पल घातली आणि म्हणाला, "घरी चला. सूर्यास्तापूर्वी जेवायचे, तर आता निघायला हवे."