पोटात बलून आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा

सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत दवाखान्यात निम्मे पेशंट उलट्या-जुलाबाचे आणि ऊन लागल्याचे असतात. अशाच एका दुपारी पस्तिशीच्या एक ताई सासूबाईंबरोबर आल्या. दोन दिवस उलट्या, पोटात कळा. मी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि "ऊन लागलंय, लिंबू सरबत घ्या" असं सांगून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या परत आल्या. पोट टम्म फुगलेलं, गॅससुद्धा सरत नव्हता. एक्स-रेमध्ये आतड्याला अडथळा दिसला. आधीचं ऑपरेशन नाही, हर्निया नाही, मग अडथळा कशाचा? सासूबाईंना बाहेर बसवून पुन्हा विचारलं, तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या पोटात बलून आहे. घरात फक्त ह्यांना माहीत आहे."

वजन कमी करण्यासाठी आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरात तो बसवला होता. सहा महिन्यांनी काढायचा होता. पण वजन उतरत होतं, घरात लग्न होतं, म्हणून तारीख पुढे गेली. चार दिवसांपूर्वी लघवी निळसर-हिरवी झाली होती, ती त्यांना गोळ्यांमुळे वाटली. खरं तर तो बलून फुटल्याचा इशारा होता. रिकामा झालेला बलून आतड्यात सरकून अडकला होता. सर्जननी त्याच दिवशी ऑपरेशन करून तो काढला. ताई आता बऱ्या आहेत. पण पहिल्या दिवशी मी तो प्रश्न विचारलाच नव्हता, ही चूक माझी.

हा बलून म्हणजे सिलिकॉनची पिशवी. नेहमीचा बलून दुर्बिणीतून जठरात ठेवतात आणि त्यात ४०० ते ७०० मिली सलाईन भरतात. त्यामुळे थोड्या जेवणात पोट भरतं. सलाईनमध्ये बहुतेक वेळा निळा रंग मिसळतात. गळती झाली की तो रंग लघवीत उतरतो. पण सगळ्याच बलूनमध्ये हा रंग नसतो, म्हणून लघवी साफ आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

पहिले तीन-चार दिवस मळमळ, उलट्या, पोटात कळा बहुतेकांना होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यातून शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. घोटभर पाणीही टिकत नसेल, तर घरी थांबू नका. पोटात दुखून कळ पाठीकडे जात असेल, तर बलूनच्या दाबाने स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. काही वेळा बलून आपोआप हवेने फुगतो आणि पोट ताणतं. जठराला अल्सर होऊ शकतो, क्वचित छिद्रही पडतं. काळी शौच किंवा रक्ताची उलटी ही इमर्जन्सी समजा.

हे धोके नवे नाहीत. अमेरिकेत १९८५ साली मंजूर झालेला पहिला बलून अशाच त्रासांमुळे काही वर्षांतच मागे पडला. आजचे बलून त्याहून खूप चांगले आहेत. तरीही अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये स्वादुपिंडाची सूज आणि बलून आपोआप फुगणे याबद्दल डॉक्टरांना सावध केलं. २०१६ पासून जून २०१८ पर्यंत द्रवाने भरलेले बलून बसवलेल्या १२ रुग्णांचे जगभरात मृत्यू झाल्याचंही एफडीएने कळवलं. असे प्रसंग विरळ आहेत, पण अशा वेळी उशीर परवडत नाही.

म्हणून बलून बसवायचा विचार असेल, तर आधी एवढं पक्कं करा:

• काढायची तारीख बसवतानाच लिहून घ्या. काही गिळायचे बलून साधारण १६ आठवड्यांनी आपोआप बाहेर पडतात, पण त्यांनाही लक्ष लागतं.
• बलून पुण्या-मुंबईत बसवणार असाल, तर रात्री त्रास झाला तर सोलापुरात कुणाकडे जायचं, हे आधी ठरवा.
• ॲसिडिटीची गोळी शेवटपर्यंत चालू ठेवा. मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी अल्सरचा धोका वाढतो.
• पूर्वी जठराचं ऑपरेशन झालं असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल, तर आधी सांगा.
• बलून काढण्याआधी सांगितलेलं पातळ अन्न आणि उपाशी राहण्याची वेळ पाळा. भूल देताना पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.
• बलूनचा प्रकार आणि तारीख लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा.

आणि जेवणाची सवय बदलली नाही, तर बलून काढल्यावर वजन परत येतं, हेही लक्षात ठेवा.

त्या ताईंना दोष द्यावा असं मला वाटत नाही. जाडपणावरून टोमणे ऐकलेला माणूस उपचारही लपवतो. सासूबाईंपासून लपवायचं असेल तर लपवा, पण डॉक्टरांपासून नको. मी मात्र आता उलट्यांच्या प्रत्येक पेशंटला, नातेवाइकांना बाहेर बसवून, विचारतो: "वजनासाठी काही केलं आहे का?"