शिळं पाणी

दिवाळी तोंडावर आली की घरातलं सगळं सामान अंगणात येतं. माळ्यावरची पितळी भांडी चिंचेनं उजळतात, कोळिष्टकं निघतात, भिंतींवर चुन्याचा हात फिरतो. या गडबडीत मागच्या खिडकीला लावलेल्या कूलरकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. पहिल्या पावसाबरोबर त्याचं बटण बंद झालेलं असतं. तळाच्या टाकीतलं पाणी तसंच राहतं आणि वरून पावसाची भर पडते. पुढच्या दारी पणत्या लागतात, तेव्हा मागच्या खिडकीत डासांची नवी पिढी पंख वाळवत बसलेली असते.

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकानं दिवाळी अंकात डासांवर लिहावं, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण मला या प्रश्नाची गाठ शेवटी एका शब्दापाशीच सापडली, म्हणून हा खटाटोप.

आम्हा बालाघाटकरांना डास नवे नाहीत. वैनगंगेचा काठ, भाताच्या बांध्या, गावोगावची तळी आणि बैहरकडे चढत गेलेलं जंगल. पाण्याचा इथे सहवासच आहे. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. पुढे ती भोपाळला गेली, पण घरातली मराठी घरातच राहिली. आमची मुलं शाळेत 'मच्छर' म्हणतात आणि घरी 'डास'. मौज अशी, की दोन्ही भाषांत आपण एकाच शब्दात निदान तीन वेगळे प्राणी कोंबतो.

पहिला अॅनोफिलीस, मलेरियाचा. त्याला ओढ्याकाठचं, खड्ड्यातलं, बांधीतलं तुलनेनं स्वच्छ पाणी लागतं आणि त्याची मादी रात्री चावते. दुसरा क्युलेक्स, हत्तीपाय पसरवणारा. तो गटारात आणि सांडपाण्यात सुखानं नांदतो. त्याचाही वेळ रात्रीचाच. तिसरा एडिस इजिप्ती, अंगावर पांढरे पट्टे असलेला. डेंग्यू आणि चिकुनगुनिया याच्यामुळे पसरतात. हा दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळण्यापूर्वी. त्याला गटार आवडत नाही. त्याला लागतं आपल्या घरातलं, आपण भरून ठेवलेलं पाणी.

यातल्या पहिल्याशी आपला झगडा जुना आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरात मलेरियाचा जंतू दिसला आणि 'वाईट हवेचा' समजला जाणारा ताप डासाच्या खात्यावर जमा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीची फवारणी घरोघर पोचली. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखभरावर आले. आपण निर्धास्त झालो, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ साली हाच आकडा चौसष्ट लाखांच्या पुढे गेला. आमच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ साली मलेरिया निर्मूलनाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. गावोगाव तापाचे रुग्ण शोधून, तपासून, लगेच औषध दिल्यानं जंगलपट्टीतही मलेरिया पुष्कळ हटवता येतो, हे तिथे दिसलं.

डेंग्यूला मात्र अशी गोळी नाही. त्याच्यावर नेमकं औषध नसल्यानं लढाई डासाशीच करावी लागते, आणि तीही उंबऱ्याच्या आत.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमच्या नववीतली एक मुलगी तापानं पडली. हाडं मोडल्यासारखी दुखत होती. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. डेंग्यूत खरा धोका पुष्कळदा इथेच सुरू होतो. संध्याकाळपर्यंत तिचं पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं. रातोरात गोंदिया आणि तिथून नागपूर. चार दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. पोरगी वाचली, धनत्रयोदशीला घरी आली.

तिला भेटायला गेलो, तेव्हा वडील घरामागच्या नालीला शिव्या देत होते. आजी ओसरीवर बसल्या होत्या. मी पाणी कुठे साठवता असं विचारताच त्या दुखावल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या घरी घाण असती तर मी मान खाली घातली असती. रांजणातलं पाणी पाहा, तळ दिसतो."

बॅटरी लावून पाहिलं. तळ दिसत होता आणि त्यावर अळ्यांचा नाचही दिसत होता.

"आजी, हे पाणी किती दिवसांचं?"

"आठ-नऊ दिवस झाले असतील. नळाचा भरवसा नाही, म्हणून भरून ठेवते."

"म्हणजे शिळं."

त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "शिळं पाणी आमच्या सासूबाई देवालासुद्धा घालू देत नसत. रोज सकाळी कळशी ओतायची, राखेनं घासायची, मग नवं भरायचं."

वाचकहो, मला जी गाठ सापडली म्हणतो ती ही. 'स्वच्छता' या शब्दानं या बाबतीत आपली दिशाभूल केली आहे. डास म्हणजे घाण असं मनात बसलं, की टापटिपीच्या घरातली माणसं स्वतःकडे बोट दाखवू देत नाहीत आणि नालीकडे पाहत राहतात. काखेत कळसा नि गावाला वळसा! पाणी स्वच्छ आहे का, हा प्रश्नच इथे चुकतो. ते किती दिवसांचं आहे, हे विचारलं पाहिजे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी बदललं, तर साखळी तुटते. मराठीत त्याला 'शिळं' आणि हिंदीत 'बासी' म्हणतात. दोन्ही भाषांतल्या आज्यांना हा हिशेब ठाऊक होता. नळाच्या लहरीमुळे रांजण आणि ड्रम भरून ठेवावे लागले आणि रोजचा रिवाज मागे पडला.

एक गोष्ट मात्र आज्यांच्या राखेत होती आणि आपल्या घाईत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढताच फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही. कडा घासाव्या लागतात. कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, मनीप्लांटची बाटली, छतावरचं टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं, सगळ्यांना हाच नियम. जे ओतता येत नाही, ते घट्ट झाकायचं. फुटकी करवंटीसुद्धा पालथी घालायची. १९०१ साली क्यूबातल्या हवानात गॉर्गस यांच्या माणसांनी घरोघर जाऊन पाण्याची पिपं झाकली, तेव्हा याच डासानं पसरणारा पीतज्वर त्या शहरातून वर्षभरात हटला होता. 

आमच्या शाळेत आता दर शनिवारी मुलांना एकच गृहपाठ असतो: घरातलं शिळं पाणी शोधा. वहीत लिहायचं नाही, ओतून आणि घासून यायचं. त्या मुलीच्या गल्लीत हे काम आजींनी स्वतःकडे घेतलं आहे. शेजारच्या सुनांना त्या 'घाण' म्हणत नाहीत, 'शिळं' म्हणतात, आणि कुणाला राग येत नाही.

यंदा पणत्या लावण्याआधी एकदा मागच्या खिडकीशी जाऊन या. कूलर उघडा, टाकी घासा, उन्हात कोरडी करा. तापलेल्या लेकराच्या उशाशी बसून काढावी लागणारी रात्र त्यानं टळू शकते. फराळ नंतर चाखू.