उलट्या दिशेचा वीकेंड

पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी चांदणी चौकातून भूगावच्या रस्त्याकडे बघितलंय का कधी? अर्धं पुणं गाड्या काढून मुळशीकडे निघालेलं असतं. ताम्हिणी, धबधबे, भजी, भाजलेलं कणीस आणि मग या सगळ्याचे फोटो. आम्ही मुळशीकर. ही जत्रा आमच्या दारातूनच जाते. म्हणून मागच्या शनिवारी म्हटलं, आज आपण उलटं जायचं. ते आपल्याकडे येतात ना, मग आपण त्यांच्याकडे जाऊ. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर आणि आगाखान पॅलेस.

सोबत आप्पा. माझे वडील. वय एकाहत्तर, पायात चामड्याच्या वहाणा, डोक्यावर टोपी. पौडच्या पुढे आमचं घर आणि दोन एकर भातखाचरं आहेत, ती अजून तेच बघतात.

आता खरं सांगतो, ही सहल काही निव्वळ सहल नव्हती. माझं ऑफिस हिंजवडीतून खराडीला गेल्यापासून रोजचे साडेतीन तास रस्त्यावर जातात. लेक मी निघताना झोपलेली असते आणि येईपर्यंत परत झोपलेली असते. कल्याणीनगरच्या बाजूला एक टूबीएचके बघून ठेवलाय. किंमत विचारू नका. आणि आमच्या दोन एकरांना सध्या सेकंड होमवाल्यांकडून बरा भाव येतोय. गणित सोपं आहे. आप्पा मात्र या विषयावर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. म्हटलं, एकदा एरिया दाखवू. डेमो दिल्याशिवाय कुठला क्लायंट सही करतो? :-)

गाडी वनाजला लावली आणि मेट्रो पकडली. आप्पांचा हा पहिलाच मेट्रोप्रवास. डेक्कननंतर गाडी मुठेच्या कडेकडेने जाते, तेव्हा ते खिडकीला चिकटून बसले होते. पुढे बंडगार्डनजवळ नदी दिसल्यावर म्हणाले, "ही मुळा-मुठा नव्हं? ह्यात आपलं पाणी किती आसंल रं?"

मी म्हटलं, फारसं नाही. मुळशी धरणातलं बरंचसं पाणी पुण्याकडे येतच नाही. ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि पुढे कुंडलिकेत जातं. टाटांनी 1920 च्या दशकात धरण बांधलं ते मुंबईला वीज देण्यासाठी. कोलाडला राफ्टिंग करता ना तुम्ही लोक, ते याच पाण्यावर.

आधी बंडगार्डनला उतरून कोरेगाव पार्कात चक्कर मारली. एकेकाळी राजेरजवाड्यांचे बंगले असलेला भाग. 1974 मध्ये रजनीशांचा आश्रम आला आणि जगभरचे लोक इथे यायला लागले. नंबर दिलेल्या लेन्स, दोन्ही बाजूंना जुने वड, पारंब्यांखाली उभ्या असलेल्या परदेशी गाड्या. आप्पांना बंगल्यांचं काही वाटलं नाही, वडांचं वाटलं. "झाडं राखल्यात बरं का," एवढंच म्हणाले. एका कॅफेत शिरलो. दोन कॉफी आणि एक सँडविच, बिल सातशे चाळीस. मी पटकन मोबाईल पुढे केला, पण आप्पांनी बघितलंच. काही बोलले नाहीत. मनातल्या मनात त्यांनी ते तांदळाच्या किलोत मोजलं असणार, हे मला पक्कं माहीत आहे.

मग रिक्षाने आगाखान पॅलेस. नगर रोडवरच्या गोंगाटातून आत शिरलं की एकदम शांत. मोठमोठ्या कमानी, लांब व्हरांडे, हिरवळ. आत गांधीजींच्या स्थानबद्धतेवरचं प्रदर्शन आहे. फोटो, चित्रं, वापरातल्या साध्यासुध्या वस्तू. ऑगस्ट 1942 मध्ये 'छोडो भारत'च्या वेळी गांधीजी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मग कस्तुरबा यांना इथे आणून ठेवलं. अटकेनंतर सहाच दिवसांत, 15 ऑगस्टला, महादेवभाई गेले. 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत. राजवाड्यात राहून माणसं कैदेत होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात वाचलेली, पण त्या खोलीच्या दारात उभं राहिल्यावर वेगळीच वाटते.

हा वाडा 1892 साली तिसऱ्या आगाखानांनी बांधला, दुष्काळात आसपासच्या गावांतल्या लोकांना काम मिळावं म्हणून. हे आप्पांना वाचून दाखवलं. ते खांबावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

मी माझी ठेवणीतली माहिती काढली. म्हटलं, आप्पा, इथून जवळच येरवडा तुरुंग. मुळशीचे सत्याग्रही तिथेच होते. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापटांनी नेतृत्व केलं. 1923 साली मुळशीच्या कैद्यांना तुरुंगात फटके मारले, तेव्हा गांधीजी त्याच तुरुंगात होते. त्या कैद्यांना मला भेटू द्या, अशी पत्रं त्यांनी अधिकाऱ्यांना लिहिली. आपले पणजोबा पण असतील ना त्यात?

इथे एक कबुली द्यायला हवी. ऑफिसात मी ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे. 'माझे पणजोबा मुळशी सत्याग्रहात होते.' टीम लंचला छान चालते. जगातल्या अगदी सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांपैकी एक वगैरे. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. गाव पाण्यात गेलं, म्हणजे असणारच, असं मी धरून चाललो होतो.

आप्पा समाध्यांजवळच्या कट्ट्यावर बसले. म्हणाले, "न्हाई रं. आपला आजा नव्हता सत्याग्रहात. त्यानं पैसं घेतलं."

मी गप्प.

"लई जणांनी घेतलं. घरात खायला नव्हतं, त्यात सावकाराचं देणं. हातात रोख आली ती दोन वर्सात सपली. आन मग जल्मभर दुसऱ्याच्या बांधावर. ही दोन एकर माझ्या बानं मार्केटात हमाली करून घेतली. आजा म्हातारपणी उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणाच्या कडंला जाऊन बसायचा. घराचं जोतं दिसतंय का बघायला."

"मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुठं? तू सांगत सुटलास."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने मीच विचारलं, म्हणजे जमीन विकू नको म्हणता?

"मी न्हाई म्हणत न्हाई. तुझी पोर तुला रोज दिसली पायजे, ते मला बी कळतंय. आजाचं चुकलं आसं बी मी म्हणत न्हाई. पर इकलीस तर पोरीला इकली म्हणूनच सांग. उद्या येगळी गोष्ट करून सांगू नगंस."

इतक्यात त्या एजंटचा फोन आला. शनिवारी हमखास येतो, साइट व्हिजिटवाले मुळशीत असतात ना. मी उचलला नाही. कट पण केला नाही, वाजू दिला.

मेट्रो कल्याणीनगर स्टेशनवरून पकडली. ज्या बिल्डिंगमधला फ्लॅट दाखवायचा होता, ती राहूनच गेली. येरवडा स्टेशन आलं तेव्हा आप्पांनी "तुरुंग कुठल्या अंगाला?" असं विचारलं आणि मी दाखवलेल्या बाजूला गाडी पुढे जाईपर्यंत बघत राहिले. वनाजपासून पुढे परतीचा ट्रॅफिक समोरून येत होता. धबधबे बघून दमलेल्या, चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग. आमची बाजू मोकळी.

फ्लॅटचं अजून ठरलेलं नाही. सोमवारी स्टँडअपनंतर मात्र टीमला सांगून टाकलं, की पणजोबांची ती गोष्ट खरी नव्हती. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, "मग खरी कुठली?"

ती सांगायला अख्खा लंच लागला.